तालीम, टाका आणि गुडघा

नाशकात गुडघा लचकला की माणूस दवाखान्यात जात नसे, तालमीत जात असे. हे फार जुनं नाही, साठ-सत्तरच्या दशकातलं सांगते आहे. जुन्या नाशकातल्या एका गल्लीत माझ्या आजोबांची तालीम होती. लाल मातीचा हौदा, कोनाड्यात मारुती, भिंतीशी मुद्गलांच्या जोड्या आणि दाराजवळ एक लांब लाकडी बाक. सकाळी हौद्यात पोरं घाम गाळत आणि संध्याकाळी त्या बाकावर लचकलेले, मुरगळलेले, निखळलेले लोक येऊन बसत. पहिलवान असतच, पण तांबट असत, रविवार कारंजावरचे हमाल असत, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पायऱ्यांवर धुणं धुताना घसरलेल्या बायाही असत. रंगपंचमीला पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे हौद, उघडत, गाव त्यांत धप्पे मारी आणि दुसऱ्या दिवशी बाकावर जागा पुरत नसे.

मी त्या बाकाशेजारी वाढले आणि पुढे फिजिओथेरपिस्ट झाले. आज माझ्याकडे येणाऱ्या तरुण मुलामुलींच्या हातात एमआरआयचं पाकीट असतं आणि तोंडात एकच प्रश्न असतो : "मॅडम, लिगामेंट फाटलंय. ऑपरेशन करू, की व्यायामाने होईल?" हा प्रश्न यंत्राबरोबर आला असं अनेकांना वाटतं. तो फार जुना आहे. प्रत्येक काळाने त्याला आपापलं उत्तर दिलं, आणि ती सगळी उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पाहिली की मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. चाकू श्रेष्ठ की मेहनत श्रेष्ठ, याचा निकाल कधीच लागला नाही. ज्याला मुदत मिळाली त्याचा निर्णय बरा झाला. ज्याची घाई झाली, मग ती चाकूची असो की हौद्यात परतण्याची, त्याचा गुडघा गेला.

आधी हा अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, काय करतो ते सांगते. गुडघ्यात मांडीचं हाड नडगीवर नुसतं टेकलेलं असतं. खुब्यासारखी खोल खोबण तिथे नाही. सगळी भिस्त अस्थिबंधांवर आणि स्नायूंवर. सांध्याच्या आत दोन अस्थिबंध एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. त्यांतला पुढचा म्हणजे एसीएल, जेमतेम तीन सेंटीमीटर लांबीचा. नडगी पुढे सरकू द्यायची नाही आणि पाय रोवून अंग वळवताना गुडघा पिळू द्यायचा नाही, हे त्याचं काम. कुस्तीत पाय अडकून धड फिरतं, खो-खोत खांबाला वळसा घेताना पाय जमिनीत रुततो, कबड्डीत कुणी घोटा धरतो आणि आतून 'कट्' असा आवाज येतो. काही तासांत गुडघ्यात रक्त भरून तो टम्म फुगतो. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, माणूस चालू लागतो, बरं झालं असं घरच्यांना वाटतं. मग एखाद्या दिवशी जिना उतरताना किंवा शेताचा बांध ओलांडताना गुडघा अचानक सटकतो. ज्याचा सटकला त्यालाच ती भीती कळते. आपल्याच पायावरचा विश्वास उडणं ही साधी गोष्ट नाही.

गुडघ्याचं हे दुखणं आपल्या शास्त्राने फार पूर्वी नोंदवलं आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मर्मांची मोजदाद आहे. नडगी आणि मांडी जिथे जुळतात तिथल्या मर्माला 'जानु' म्हटलं आहे, आणि त्याची गणना प्राण घेणाऱ्या मर्मांत न करता 'वैकल्यकर' मर्मांत केली आहे. इथे मार बसला तर माणूस मरत नाही, लंगडा होतो. भग्नचिकित्सेत ओढणं, दाबणं, जुळवून आणणं आणि बांधणं असा उपचारांचा क्रम आहे. पायाच्या मोडीत रोग्याला फळीवर निजवून स्थिर ठेवायला सांगितलं आहे. मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची सूचना. मोडलेला तळहात जुळून आल्यावर त्या हातात आधी मातीचा गोळा धरायला द्यावा, मग मिठाचा खडा आणि हातात बळ आल्यावर दगड. आधी माती, मग मीठ, मग दगड. आज मी रुग्णाला आधी पायाचं नुसतं वजन, मग रबरी पट्टा, मग वजनाची मशीन देते तेव्हा हाच क्रम पाळत असते. सूचना हातासाठी आहे, पण तत्त्व साऱ्या शरीराला लागू आहे : भार द्यायचा, पण झेपेल तेवढाच, आणि झेपला की वाढवायचा.

हे ज्ञान ग्रंथात राहिलं आणि तालमीतही राहिलं, कारण तालमीला त्याची रोज गरज होती. आमच्या जिल्ह्याचं या बाबतीत एक खास नातं आहे. निफाड तालुक्यातल्या कोठुरे गावचे बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे मल्ल. परंपरा सांगते की हैदराबादकडून अली आणि गुलाब नावाचे दोन नामांकित मल्ल पुण्याच्या दरबारात आले आणि त्यांनी आव्हान दिलं. बाळंभटांनी ते स्वीकारलं, पण लगेच शड्डू ठोकला नाही. मुदत मागून घेतली. ते वणीच्या गडावर सप्तशृंगीच्या पायाशी जाऊन राहिले, तिथे त्यांना मल्लखांबाची विद्या सुचली, तिच्यावर त्यांनी अंग कमावलं आणि मग कुस्ती मारली. पुढे बाळंभटांच्या शिष्यशाखेने मल्लखांब महाराष्ट्रभर आणि काशीपर्यंत नेला. आजोबा ही गोष्ट प्रत्येक नव्या पोराला सांगत. भर दरबारात आव्हान मिळालं तरी आधी मुदत मागायची, अंग तयार करायचं आणि मगच उतरायचं, हे त्यांना त्यातून पोराच्या मनावर ठसवायचं असे.

कुस्ती शिकवणाऱ्यानेच लचक काढायची, ही रीत सगळीकडे होती. तिचं सर्वांत भव्य रूप बडोद्याला दिसलं. जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रोफेसर माणिकराव हे मराठी माणूस. सयाजीराव महाराजांनी त्यांना 'राजरत्न' किताब दिला. व्यायामशिक्षक म्हणून त्यांची जितकी कीर्ती होती तितकीच हाडं आणि सांधे बसवणारे म्हणूनही होती. त्याच बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश मराठीत सिद्ध केला. आमच्या तालमीत त्याचे काही खंड लाल कापडात बांधलेले असत, आणि हात धुतल्याशिवाय त्यांना कुणी शिवत नसे.

आजोबांची पद्धत मला नीट आठवते. ताज्या सुजलेल्या गुडघ्याला ते चोळत नसत. आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप, वर सैलसर पट्टा, पायाखाली उशी. सूज उतरली की पहिलवानाला उताणं निजवून गुडघा थोडा वाकवत, एका हाताने मांडी घट्ट धरत आणि दुसऱ्या हाताने नडगी हलकेच पुढे ओढून बघत. दुसऱ्या पायाशी ताडून बघत. नडगी जास्त पुढे आली तर म्हणत, "आतली शीर गेली." पुढे मुंबईला शिकताना कळलं की जॉर्ज नूलिस या वैद्याने १८७५ मध्ये जवळपास हीच तपासणी लिहून ठेवली होती, आणि १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन लॅकमन यांच्या नावाने ती जगभर रूढ झाली. आजही एमआरआयच्या आधी आम्ही हीच तपासणी करतो. शेकडो गुडघे हाताखालून गेले की हातांना जे कळतं, ते आजोबांच्या हातांना कळत होतं.

तपासणीनंतर ते एक प्रश्न विचारत : "या पायानं पुढं काय करणार आहेस?" हमाल म्हणे, पोती उचलायची आहेत. शेतकरी म्हणे, नांगरायचं आहे. पहिलवान म्हणे, यात्रेत लढायचं आहे. उत्तराप्रमाणे आजोबांचा हुकूम बदले. लढणाऱ्याला ते त्या वर्षीच्या यात्रेच्या कुस्त्या बंद करत. भिंतीला पाठ लावून अर्ध्या बैठका, मग मोकळ्या अर्ध्या बैठका, मग पूर्ण, मग पांडवलेण्याच्या पायऱ्या. पायऱ्या उतरताना गुडघा हलला नाही, तर आणि तरच हौदा. उतरतानाची परीक्षा चढतानाच्या परीक्षेपेक्षा कठीण असते, हे त्यांना पुस्तकाविना माहीत होतं.

तरीही या परंपरेचं नुसतं गुणगान मी करणार नाही, कारण त्या बाकावर बसलेली दुसरी माणसंही मी पाहिली आहेत. तालमीच्या भिंतीवर फोटो लागतात ते परतलेल्यांचे. जे परतले नाहीत त्यांचा फोटो कुणी लावत नाही. मेहनतीने ज्यांची मांडी भक्कम झाली, तरीही वळताना ज्यांचा गुडघा सटकतच राहिला, त्यांच्यासाठी आजोबांकडे काहीच नव्हतं. गुडघा सटकला की दर वेळी हाडांमधली गादी चिरडू शकते, आणि गादी गेली की हाडावर हाड घासू लागतं. चाळिशीतच आडवे होऊन जिना उतरणारे बलदंड पुरुष आमच्या गल्लीत होते. सर्वच हाडवैद्य आजोबांसारखे सबुरीचे नव्हते. सुजलेला सांधा रगडणारे, हिसका देणारेही होते. आणि मोठ्यातल्या मोठ्या मल्लालाही ही दुखापत सोडत नव्हती. १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांची पुढच्या, १९५६ च्या ऑलिम्पिकची वाट गुडघ्याच्या दुखापतीनेच अडवली.

याच्या कितीतरी आधी विलायतेत काय चाललं होतं? तिथेही हाडवैद्य होते आणि शिकलेले डॉक्टर त्यांच्यावर नाराज होते. पण १८६७ मध्ये लंडनचे नामवंत शल्यवैद्य सर जेम्स पॅजेट यांनी भर व्याख्यानात सहकाऱ्यांना बजावलं की हाडवैद्य जे रोगी बरे करतात त्यांच्याकडून शिका आणि त्यांच्या चुका टाळा. ब्रिटिश अस्थिशल्यविद्येचे जनक मानले जाणारे लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस हे तर हाडवैद्यांच्याच घराण्यातले. त्यांनी विश्रांतीचा मंत्र दिला : सांधा बांधा, दीर्घकाळ हलू देऊ नका. त्याउलट फ्रान्समध्ये ल्यों शहरातल्या अमेदे बोने यांनी १८४५ मध्येच लिहिलं होतं की सांधा फार दिवस बांधून ठेवला तर त्याचं नुकसान होतं. विश्रांती की हालचाल हा वाद असा शंभर-सव्वाशे वर्षं चालला.

शस्त्रक्रियेची पहिली पायरी एका खाणकामगाराच्या गुडघ्यावर चढली गेली. १८९५ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स इथे मेयो रॉबसन यांनी खाणीतल्या अपघातात जायबंदी झालेल्या एका ४१ वर्षांच्या मजुराचे दोन्ही अस्थिबंध टाके घालून जोडले. सहा वर्षांनंतरही तो न लंगडता चालत होता. पण बहुतेकांच्या बाबतीत नुसता टाका टिकत नव्हता, कारण सांध्यातल्या द्रवात रक्ताची गुठळी धरत नाही आणि तुटलेली टोकं सहसा नीट जुळत नाहीत. म्हणून १९१७ मध्ये ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी मांडीच्या बाजूचा पट्टा वळवून नवा अस्थिबंध तयार केला. पुढच्या पन्नास वर्षांत कुणी वाटीखालचा पट्टा वापरला, कुणी मांडीमागच्या स्नायूंची दोरी. आज होणाऱ्या शस्त्रक्रियेचं मूळ तिथे आहे. फाटलेला अस्थिबंध सहसा शिवत नाहीत. आपल्याच शरीरातली दुसरी दोरी घेऊन, हाडांत बोगदे पाडून ती त्या जागी बसवतात.

पुनर्वसनाचं शास्त्र आपल्याकडे वेगळ्या दाराने आलं. ते खेळाडूंसाठी आलंच नाही. ते पोलिओच्या मुलांसाठी आलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये कमलाबाई निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. या मूळच्या अमेरिकन. विष्णुपंत निंबकरांशी लग्न करून इथल्या झाल्या आणि आयुष्य इथल्या अपंगांना वाहिलं. त्याच रुग्णालयात १९५२ मध्ये राज्य सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मदतीने फिजिओथेरपीची देशातली पहिली शाळा निघाली. १९५५ मध्ये हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. लुळ्या पायांच्या मुलांना उभं करताना आमच्या आधीच्या पिढीने स्नायू कसा जागा करायचा, कसा मोजायचा, कसा वाढवायचा हे शिकून घेतलं. कबड्डीपटूच्या गुडघ्याला आज जे मिळतं ते त्या मुलांच्या आयांनी कडेवर घेऊन घातलेल्या खेपांतून मिळालं आहे. याची जाणीव मला कायम असते.

ऐंशीच्या दशकात मी मुंबईत शिकत होते तेव्हा नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसने खेळाडू गुडघे दाखवायला येत. शस्त्रक्रिया गुडघा उघडून होई आणि नंतर मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर चढे. आठवड्यांनी प्लास्टर कापलं की आतून जी मांडी निघे ती पाहून पैलवानाची आई रडे. गुडघा आखडलेला, स्नायू वाळलेला. टाका उत्तम, पण पाय निकामी. तालमीत मेहनत होती, टाका नव्हता; इथे टाका होता, मेहनत उशिरा पोहोचत होती. रुग्णालयाचा जिना उतरताना मला आजोबांच्या बाकाची फार आठवण येई.

या कोंडीतून वाट निघाली ती दोन बाजूंनी. एक दुर्बिणीने दाखवली. टोकियोच्या ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासायची नळी गुडघ्यात घालून पाहिली होती. त्यांचे शिष्य वातानाबे यांनी त्यापासून खरी कामाची दुर्बीण घडवली. आणि १९८० मध्ये इंग्लंडच्या डेव्हिड डँडी यांनी दुर्बिणीतून एसीएलची पहिली पुनर्रचना केली. मोठी चीर गेली, दोन-तीन छोटी भोकं राहिली. दुसरी वाट रुग्णांनी दाखवली. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे शल्यवैद्य डोनाल्ड शेलबोर्न यांच्या लक्षात आलं की जे रुग्ण सांगितलेलं ऐकत नाहीत, पट्टा लवकर काढतात, पायावर लवकर भार देतात, तेच अधिक चांगले बरे होतात. त्यांनी तो हट्टीपणा समजून सोडून दिला नाही; नोंदी ठेवल्या आणि १९९० मध्ये लवकर हालचाल सुरू करण्याची पद्धत मांडली. तेव्हापासून प्लास्टर गेलं. रुग्णाचं निरीक्षण करून स्वतःचा नियम बदलणाऱ्या अशा वैद्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पण सोय झाली की घाईही येते. एमआरआय सगळीकडे झाला, दुर्बीण जिल्ह्याच्या गावी पोहोचली आणि 'फाटलं आहे, म्हणजे बसवायलाच हवं' असा समज रुजला. त्याला पहिला मोठा छेद दिला स्वीडनने. लुंड इथल्या रिचर्ड फ्रोबेल आणि सहकाऱ्यांनी १२१ तरुण, खेळत्या माणसांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं. ६२ जणांची लवकर शस्त्रक्रिया आणि सोबत व्यायाम. ५९ जणांना आधी फक्त व्यायाम, गरज पडली तरच नंतर शस्त्रक्रिया. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या तक्रारींत आणि कामात फरक नव्हता. दुसऱ्या गटातल्या २३ जणांना दोन वर्षांत शस्त्रक्रिया लागली, पाच वर्षांत हा आकडा ३० झाला. म्हणजे निम्म्यांना चाकू लागला आणि निम्म्यांना लागलाच नाही. पुढे एमआरआय तपासल्यावर असंही दिसलं की केवळ व्यायामावर राहिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या अस्थिबंधात जुळून आल्याच्या खुणा होत्या. तो कधीच जुळत नाही, हा आमचा पाठ्यपुस्तकी समज होता. तो पूर्ण खरा नव्हता.

नेदरलँड्समध्ये १६७ जणांवर झालेल्या, २०२१ च्या अभ्यासातही व्यायाम गटातल्या निम्म्यांनाच पुढे शस्त्रक्रिया लागली. मात्र २०२२ मध्ये ब्रिटनचा अभ्यास आला तो दुसरी बाजू घेऊन. तिथले ३१६ रुग्ण ताज्या दुखापतीचे नव्हते. बरेच दिवस गुडघा सटकत असलेले होते, आणि त्यांच्यात शस्त्रक्रियेचा गट सरस ठरला. हे अभ्यास एकमेकांविरुद्ध नाहीत. आधी मेहनत करून पाहा, असं एक सांगतो. मेहनतीनंतरही गुडघा दगा देत असेल तर उगाच दिवस काढू नका, असं दुसरा सांगतो. आजोबांच्या बाकावर परतलेले आणि न परतलेले असे जे दोन गट होते, ते मला या आकड्यांत पुन्हा दिसतात.

काही गुडघ्यांना थांबायची मुभा नसते, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. गादीचा तुकडा सांध्यात अडकून गुडघा सरळच होत नसेल, एकाहून अधिक अस्थिबंध तुटले असतील, पाय गार किंवा बधिर पडला असेल, हाडाचा तुकडा निघाला असेल, तर तिथे लेपही नको आणि सबुरीही नको, थेट शल्यवैद्य. वाढत्या वयाच्या मुलांचा विचारही वेगळा करावा लागतो, कारण त्यांच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात.

पण बाकीच्या बहुसंख्य गुडघ्यांना मुदत देता येते. सूज उतरवायची, गुडघा पूर्ण सरळ करायचा, मांडी दुसऱ्या मांडीच्या तोडीची करायची. त्याला साधारण तीन महिने लागतात. त्या तीन महिन्यांत गुडघा स्वतःच बरंचसं उत्तर देतो. आणि शस्त्रक्रिया ठरलीच, तरी हे तीन महिने वाया जात नाहीत. मजबूत मांडीने टेबलावर गेलेला माणूस लवकर सावरतो. शस्त्रक्रियेनंतर तर मुदतीचं महत्त्व आणखी वाढतं. बसवलेली दोरी शरीराने आपलीशी करताना सुरुवातीच्या महिन्यांत कमकुवत होते. बाहेरची जखम भरलेली, दुखणं थांबलेलं, आणि आत मात्र ती सर्वांत नाजूक अवस्थेत. नॉर्वेतल्या २०१६ च्या अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं एकेक महिन्याने लांबवलं, तर पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण दर महिन्यागणिक सुमारे निम्म्याने कमी होतं. विनेश फोगाटसारखी ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया होऊन एप्रिल २०२४ मध्ये ऑलिम्पिकची पात्रता मिळवणारी मल्ल आपल्याला दिसते. तिच्यामागे दिवसभराची मेहनत आणि सतत सोबत असणारी माणसं असतात. आमच्या पोरांनी फक्त महिने मोजून तिची बरोबरी करायला जाऊ नये.

माझ्याकडे निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार आले होते. मोटारसायकल घसरून एसीएल पूर्ण फाटलेला. घरचे म्हणत होते, ऑपरेशन करून मोकळे व्हा. मी आजोबांचा प्रश्न विचारला. त्यांना मांडवाखाली चालायचं होतं, ट्रॅक्टरवर चढायचं होतं, गोडी छाटणीला मजुरांबरोबर उभं राहायचं होतं. त्यांनी चिकाटीने मेहनत केली आणि आज ते चाकूशिवाय सगळी कामं करतात. त्याच सुमारास सुरगाण्याकडची एक खो-खो खेळणारी मुलगी आली. तिनेही तितकीच मेहनत केली, मांडी लोखंडासारखी झाली, सरळ धावताना काही त्रास नव्हता. पण खांबाला वळसा घेतला की गुडघा सटके. तिची शस्त्रक्रिया झाली, पुढचं वर्षभर तिने व्यायाम केला आणि ती मैदानात परतली. एकाच नावाची दुखापत, दोन वेगळे रस्ते, दोन्ही बरोबर. तिला चाकू नाकारणं अन्याय झाला असता आणि त्यांना चाकू लावणं अनाठायी.

त्या मुलीला वर्षभर व्यायामासाठी नाशिकला येणं किती जड गेलं ते मी पाहिलं आहे. एसटीच्या खेपा, बुडणारी मजुरी, घाटातला पाऊस. आपल्याकडे विमा रुग्णालयात दाखल झालेल्याचा खर्च देतो. बाहेर महिनोन् महिने चालणाऱ्या व्यायामाचा सहसा देत नाही. म्हणून कित्येक घरांत शस्त्रक्रिया हा स्वस्त पर्याय ठरतो, आणि शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम परवडत नाही म्हणून तीही वाया जाते. निर्णय गुडघा पाहून व्हायला हवा. तो पैसे आणि अंतर पाहून होतो. याचा मला मनापासून संताप येतो.

आणि हे नाशकात घडावं? महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. राज्यातल्या बहुतेक फिजिओथेरपिस्टांच्या पदव्या याच विद्यापीठाच्या नावाने निघतात. जिल्ह्यात तालमी आहेत, व्यायामशाळा आहेत, आश्रमशाळांची मैदानं आहेत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, कळवण इथल्या ग्रामीण रुग्णालयांत गुडघा पाहणारा फिजिओथेरपिस्ट असावा, तिथल्या क्रीडाशिक्षकाला आणि वस्तादाला तीन महिन्यांचा व्यायामक्रम नीट शिकवलेला असावा, आणि शल्यवैद्याने चाकू घेण्याआधी त्या दोघांचं म्हणणं ऐकावं. यासाठी नवं यंत्र लागत नाही. तालमीला पूर्वी जे ठाऊक होतं आणि शास्त्राने आता जे मोजून दाखवलं आहे, ते एका ठिकाणी आणावं लागतं.

म्हणून पाकीट घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी सांगते, ऑपरेशन की व्यायाम असा प्रश्न विचारू नका. व्यायाम दोन्हीकडे आहेच, त्यातून सुटका नाही. या पायाने पुढे काय करायचं आहे ते आधी ठरवा, गुडघ्याला तीन महिने प्रामाणिक मेहनत द्या आणि मग तो काय म्हणतो ते शल्यवैद्याबरोबर बसून ऐका. तेवढी मुदत मागून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि ती देणं हे आम्हा उपचार करणाऱ्यांचं कर्तव्य आहे.